पाटी बोलणार की फोन वाचणार? थोडी पार्श्वभूमी

हल्ली फोन समोर धरला की तो पाटी वाचून दाखवतो, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं अंध लोकांचा पाट्यांचा प्रश्न मिटला. तो मिटलेला नाही, आणि का ते कळायला थोडं मागे जावं लागतं, कारण इथे पहिल्यापासून दोन वाटा आहेत. एकतर वाचायचं मशीन माणसाच्या हातात द्या, नाहीतर पाटीलाच बोलतं करा.

मशीनची वाट आधी सुरू झाली. स्टॅनफर्डचे जॉन लिनविल यांची मुलगी कँडी अंध होती, तिच्यासाठी डोक्यात आलेल्या कल्पनेतून ऑप्टाकॉन तयार झालं आणि १९७१ पासून विकायला आलं. एका हातानं छोटा कॅमेरा ओळीवरून सरकवायचा, दुसऱ्या हाताच्या बोटाखाली १४४ बारीक पिना अक्षराच्या आकारात थरथरायच्या. मग १९७६ मध्ये रे कर्झवाइल यांचं मोठ्यानं वाचून दाखवणारं मशीन आलं, साधारण वॉशिंग मशीनएवढं. दोन्ही जबरदस्त, पण टेबलावरच्या पुस्तकांसाठी. स्टेशनवर वर टांगलेल्या बोर्डासाठी त्यांचा काही उपयोग नव्हता.

पाटीला बोलतं करायचं काम १९७९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या स्मिथ-केटलवेल संस्थेत सुरू झालं, नाव टॉकिंग साइन्स. पाटीजवळ इन्फ्रारेड सोडणारा छोटा ट्रान्समीटर आणि माणसाच्या हातात रिसीव्हर, तो फिरवत राहायचा, आणि पाटीच्या दिशेला आला की ‘तिकीट खिडकी’, ‘बाहेर जायचा जिना’ असं स्पष्ट ऐकू यायचं, बाजूला वळवला की आवाज पुसट. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट ही वाटते की पाटीवर काय लिहिलंय एवढंच नाही, तर ती कुठल्या बाजूला आहे तेही कळायचं, म्हणजे आवाज धरून सरळ चालत जायचं. सॅन फ्रान्सिस्कोत पॉवेल स्ट्रीट स्टेशनसारख्या ठिकाणी ते बसवलंही. पण प्रत्येक पाटीला यंत्र बसवायचं, सांभाळायचं, तो खर्च त्या त्या संस्थेचा. अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्व कायद्याच्या नियमांत खोल्यांच्या कायमच्या पाट्यांवर उठावदार अक्षरं आणि ब्रेल सक्तीचं झालं, बोलत्या पाट्या मात्र सक्तीच्या झाल्या नाहीत. आणि ब्रेल पाटी सापडली तरच वाचता येते ना!

तोवर मशीन आकसत गेलं. २००६ मध्ये कर्झवाइल आणि अमेरिकेतल्या नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडचं हातात मावणारं रीडर आलं, २००८ मध्ये तेच नोकियाच्या फोनवर. २०१५ ला डेन्मार्कचं बी माय आइज हे ॲप, यात डोळस स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर बघून सांगतो, मग २०१७ ला मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय आणि २०१९ ला गुगलचं लुकआउट, ही कॅमेऱ्यासमोरचं स्वतःच वाचून दाखवणारी ॲप्स. हे सगळं खरंच खूप उपयोगाचं आहे, पण खर्च आणि खटपट आता पूर्णपणे अंध माणसावर आली. फोन त्यानं घ्यायचा, चार्ज त्यानं ठेवायचा, गर्दीत एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात फोन धरून पाटी कुठे असेल याचा अंदाजही त्यानंच करायचा. आणि फोन वाचणार काय, तर समोर येईल ते सगळं, ‘गाळा भाड्याने देणे आहे’, वाढदिवसाचा फ्लेक्स, मग कुठेतरी प्लॅटफॉर्म नंबर. त्यात देवनागरीची शिरोरेषा अक्षरं एकमेकांना जोडून टाकते, त्यामुळे ती सुटी करून ओळखणं मशीनला आधीपासूनच अवघड गेलंय.

स्पेनमधल्या नॅव्हीलेन्स या कंपनीनं यातून मधला मार्ग काढला. पाटीवर रंगीत चौकोनांचा कोड लावतात, तो फोनला लांबून आणि तिरपाही सापडतो, नेम धरावा लागत नाही. बार्सिलोनाच्या मेट्रोत हे कोड आहेत.

आपल्याकडे मुंबई लोकलच्या प्लॅटफॉर्मवर दिव्यांगांचा डबा थांबतो तिथे बीप वाजतो, साधी गोष्ट आहे पण पाटीचं काम करते. बसचा प्रश्न जास्त अवघड, बस क्षणभर थांबते, तेवढ्यात फोन रोखून नंबर कोण वाचणार! त्यासाठी आयआयटी दिल्लीनं ऑनबोर्ड बनवलं. बटण दाबलं की जवळ आलेल्या बसचा नंबर हातातलं यंत्र सांगतं, आपली बस निवडली की तिच्या दाराजवळचा स्पीकर बोलतो, त्या आवाजाकडे जायचं. बेस्टच्या बसवरही त्याची ट्रायल झाली. पण बसमधला भाग बस चालवणाऱ्यांनीच बसवायला हवा, प्रवाशानं कितीही महागडा फोन घेतला तरी तो स्पीकर त्याला स्वतःला बसवता येणार नाही.