आवाज कसा फाटावा, हे ठरवणारा रेझिस्टर

स्पीकरचा आवाज फाटला की आपण आधी व्हॉल्यूम कमी करतो. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा कित्येकदा तो मुद्दाम वाढवतो. त्याला फाटलेला आवाजच हवा असतो, पण बोटांच्या ताब्यातला: तार हलकेच छेडली तर स्वच्छ, जोरात छेडली तर खरखरीत. घरी व्हॉल्व्हचा, म्हणजे हवा काढलेल्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प बांधण्याचं खरं सुख हा ताबा मिळवण्यात आहे.

सुरुवातीला फेंडर कंपनीच्या १९५०च्या दशकातल्या चॅम्पसारखा नमुना घ्यावा. त्यात व्हॉल्व्ह तीनच, ताकद सुमारे ५ वॅट. १२एएक्स७ या एका नळीत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन स्वतंत्र भाग, असतात. गिटारकडून येणारा ०.१ व्होल्टच्या आसपासचा सिग्नल पहिला ट्रायोड साधारण ६० पट करतो. मग व्हॉल्यूमचा पॉट (फिरवून रोध बदलायचं बटण), दुसरा ट्रायोड आणि शेवटी ६व्ही६ हा पॉवर व्हॉल्व्ह. त्याला सुमारे ५,००० ओहमचा भार लागतो आणि स्पीकर ८ ओहमचा घेतला, तर मध्ये २५ला १ वेढ्यांचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर हवा. तिसरा व्हॉल्व्ह एसीचं डीसी करतो.

सिग्नल फार मोठा झाला की व्हॉल्व्ह एका टोकाला पूर्ण बंद होतो आणि दुसऱ्या टोकाला त्याची ग्रिड, म्हणजे सिग्नल ज्या जाळीवर येतो ती, स्वतःच प्रवाह ओढू लागते. लाटेचे माथे चपटे होतात. चपट्या लाटेत मुळात नसलेले स्वर जन्मतात: दुप्पट कंपनांचा म्हणजे तार षड्ज, तिप्पट कंपनांचा म्हणजे त्याच्यावरचा पंचम. एकच पॉवर व्हॉल्व्ह असला की लाटेच्या दोन बाजू सारख्या दबत नाहीत, त्यामुळे तो षड्ज चांगला उमटतो. जवारी लागलेला तंबोरा ऐकलेल्या कानाला उपस्वरांची ही श्रीमंती ओळखीची वाटेल.

आता फीडबॅक. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर एकामागून एक अ‍ॅम्प्लिफायर असत आणि प्रत्येक जण आवाजात थोडा बिघाड घाली. १९२७च्या ऑगस्टमध्ये बेल लॅब्जचे हॅरॉल्ड ब्लॅक हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर जात असताना त्यांना उपाय सुचला आणि हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी तो मांडला. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून आत आणायचा. त्यासोबत बिघाडही उलटा होऊन येतो आणि स्वतःलाच कापतो.

चॅम्पमध्ये हे काम २२ किलोओहमचा एक रेझिस्टर करतो. तो स्पीकरकडून दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला, जातो. कॅथोडखाली दीड किलोओहमचा दुसरा रेझिस्टर असतो. म्हणजे स्पीकरवरच्या व्होल्टेजचे सुमारे ६ टक्के परत येतात. ग्रिड आणि कॅथोड यांच्यातला फरकच ट्रायोड वाढवतो, म्हणून परत आलेलं आपोआप वजा होतं. या टप्प्यापासून स्पीकरपर्यंतची वाढ २० पट धरली, तर ती ९ पटीच्या खाली येते. बिघाडही त्याच प्रमाणात घटतो.

मात्र व्हॉल्व्हकडे जागा शिल्लक असेपर्यंतच हे चालतं. माथा चपटा झाला की फीडबॅककडे दुरुस्त करायला काही उरत नाही. म्हणून फीडबॅक असलेला अ‍ॅम्प शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम फाटतो; नसलेला हळूहळू, दाण्यादाण्याने फाटतो. व्हॉक्स कंपनीच्या एसी३० या मॉडेलच्या पॉवर टप्प्यात फीडबॅकच नाही, आणि त्याच्या खुल्या आवाजात याचा मोठा वाटा आहे.

म्हणून २२ किलोओहमच्या रेझिस्टरला एकामागे एक असा (सिरीजमध्ये) ५० किलोओहमचा पॉट जोडावा. पूर्ण फिरवल्यावर वाढ ९ वरून १४ पटीपर्यंत जाते, फाटणं मऊ होतं आणि खर्जही थोडा सैल पडतो, कारण स्पीकरच्या पडद्यावरची अ‍ॅम्पची पकड ढिली होते. मी हे पहिल्यांदा जोडलं तेव्हा अ‍ॅम्प चालू होताच किंचाळला. ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या दोन तारांची अदलाबदल झाली होती. वजा व्हायचं ते मिळवलं जात होतं. तारा बदलताच तो शांत झाला.

आत हात घालण्याआधी एक गोष्ट कधीही टाळू नका. तिथे ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवतात. ते रेझिस्टरमधून उतरवा, मल्टिमीटरने शून्य झाल्याची खात्री करा. चॅसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, अर्थिंग हवंच. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालवला, तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

एकेरी सुरावट वाजवताना मी हा पॉट बराच पुढे ठेवतो. कॉर्ड वाजवायचा असला की मागे आणतो. तीन-चार स्वर एकत्र फाटले की त्यांच्या कंपनांच्या बेरजा-वजाबाक्यांतून कॉर्डमध्ये नसलेले स्वर निघतात आणि त्यांतले बरेच बेसूर असतात. षड्ज-पंचमाची जोडी मात्र फाटूनही सुरेल राहते, कारण तिच्या वजाबाकीतून खालचा षड्जच निघतो.