औषधजन्य वजनवाढ

एखाद्या आजारासाठी घेतलेल्या औषधाच्या परिणामाने शरीराचे वजन वाढणे, याला औषधजन्य वजनवाढ म्हणतात. वजन वाढले की सगळ्यांचे लक्ष ताटाकडे जाते. रोजच्या गोळ्यांकडे क्वचितच कोणी पाहते. रुग्ण ‘मी जास्त काही खात नाही’ असे सांगून थकतो आणि शेवटी स्वतःलाच दोष देऊ लागतो. मधुमेह, अपस्मार (फिट येणे), दमा, आमवात, अर्धशिशी, मनोविकार अशा दीर्घकाळ औषधे लागणाऱ्या अनेक आजारांत हा परिणाम दिसतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण स्टेरॉइडांचे. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच यांना, एडवर्ड केंडल व टाडेउश राइखश्टाइन यांच्यासह, याच क्षेत्रातील कामासाठी मिळाले. मात्र मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास हेच औषध शरीराचा आकार बदलते. भूक वाढते, चेहरा चंद्रासारखा गोल होतो, मानेमागे चरबीचा उंचवटा येतो, पोट सुटते. हातपाय मात्र स्नायू झिजून बारीक होतात. हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष (पिट्युटरी) ग्रंथीतील गाठीमुळे असे रूप आलेल्या रुग्णांचे वर्णन केले होते. आज या कुशिंग संलक्षणाचे (लक्षणसमूहाचे) सर्वाधिक आढळणारे कारण बाहेरून घेतलेले स्टेरॉइड हे आहे.

सांधेदुखी किंवा दम्यावरच्या ‘जडीबुटी’च्या पुड्यांत न सांगता स्टेरॉइड मिसळल्याचेही भारतात आढळले आहे. अशी पुडी घेतली की दुखणे झटकन थांबते, गाल भरतात आणि औषध अंगी लागले म्हणून घरचे समाधान मानतात. त्याच वेळी आत हाडे ठिसूळ होत असतात, साखर आणि रक्तदाब चढत असतो. ‘खाल्लेले अंगाला लागत नाही’ म्हणून दिले जाणारे सायप्रोहेप्टाडिन हे मुळात ॲलर्जीवरचे औषध. भूक वाढवणे हा त्याचा दुय्यम परिणाम आहे.

मनोविकारांवरील ओलान्झापिन व क्लोझापिन यांनी होणारी वाढ मोठी आणि वेगवान असते. ही औषधे मेंदूतील हिस्टामिन व सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनांच्या काही ग्राहींना (ती रसायने जिथे जोडली जातात त्या जागांना) अडवतात, त्यामुळे जेवूनही पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही. अशा रुग्णाला ‘तोंडावर ताबा ठेव’ असे सुनावणे अन्यायाचे आहे. त्याची भूक खरी असते. अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट, अर्धशिशीवरील फ्लुनारिझिन, नैराश्यावरील मिर्टाझापिन आणि जुन्या पिढीतील अमिट्रिप्टिलिन यांनीही वजन वाढते. रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधांनी होणारी वाढ सहसा थोडी असते.

मधुमेहातील प्रकार वेगळा आहे. साखर फार वाढलेली असताना ती लघवीवाटे वाहून जाते आणि माणूस वाळतो. इन्शुलिन सुरू झाले की ती ऊर्जा शरीरातच राहते. शिवाय साखर एकदम उतरण्याच्या भीतीने अधूनमधून काहीतरी खाल्ले जाते. ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ या अभ्यासात (१९९८) दहा वर्षांत इन्शुलिन घेणाऱ्यांचे वजन मुख्यतः आहारावर ठेवलेल्या गटापेक्षा सरासरी ४ किलोंनी अधिक वाढले. ग्लिमेपिराइड गटातील गोळ्यांनीही थोडी वाढ होते. मेटफॉर्मिनने सहसा होत नाही.

संततिनियमनाच्या गोळ्यांवर वजनवाढीचा आळ नेहमी येतो. अभ्यासांत मात्र इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांचा मोठा परिणाम दिसलेला नाही. भारतात २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने सरकारी आरोग्य केंद्रांत मिळणाऱ्या तिमाही गर्भनिरोधक इंजेक्शनाने काही स्त्रियांचे वजन खरोखर वाढते.

वाढ चरबीची की पाण्याची, हे आधी पाहावे लागते. मधुमेहावरील पायोग्लिटाझोनने दोन्ही वाढतात. रक्तदाबावरील ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात, ते लठ्ठपणाचे लक्षण नव्हे. नडगीवर बोट दाबून खळगा राहिला किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर पाणी साठल्याची शंका घ्यावी. त्याबरोबर धाप लागत असेल तर त्वरित डॉक्टरांकडे जावे, कारण मूळ हृदयात किंवा मूत्रपिंडात असू शकते.

औषध सुरू करतानाच वजन व कमरेचा घेर नोंदवून ठेवला, तर वाढ लवकर ध्यानात येते. मग डॉक्टर मात्रा कमी करू शकतात किंवा, उदाहरणार्थ मनोविकारांत, ॲरिपिप्राझोलसारखे कमी वजन वाढवणारे औषध देऊ शकतात. वजनाच्या धास्तीने रुग्णाने स्वतः गोळी सोडणे धोक्याचे असते. फिटची गोळी अचानक थांबवल्यास झटके उसळतात. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यावर मूत्रपिंडांवरील अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी, ज्या शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवतात, सुस्तावलेल्या असतात. औषध एकाएकी तोडल्यास रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते, म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने, कधीकधी कित्येक महिने घेऊन, उतरवतात.