नामवंत पाहुणा निवडताना : आमच्या बुकर मंडळींसाठी माहितीपत्रक

‘नव्वद प्रसिद्धीचा पाहुणा आणला, होतं नव्हतं ते बजेट ओतलं, तरी पुढच्या महिन्यात प्रेक्षक घटले. गेममध्ये बग आहे.’

आमच्या कुस्ती-प्रमोशनच्या सिम्युलेशन गेमबद्दल (यात खेळणारा बुकर असतो, म्हणजे कुस्ती-कंपनीचे शो आणि निकाल ठरवतो) जी पत्रं येतात, त्यांत ही तक्रार थोड्याफार फरकाने सतत असते. प्रत्येक वेळी आम्ही सेव्ह फाइल मागवतो, एकेक आठवडा मागे जात सगळे शो उघडतो, आकडे पुन्हा चालवून पाहतो. एका फाइलला अख्खा दिवस जातो. आमची टीम छोटी आहे, तेव्हा तो दिवस पुढच्या अपडेटच्या कामातून कापला जातो. आणि तपासाअंती बहुतेक वेळा गेम बरोबर असतो, पाहुण्याची निवड चुकलेली असते. म्हणून हे पत्रक. रोस्टर (प्रमोशनचे कुस्तीपटू), पुश (एखाद्याला वर चढवणं), फेस-हील (नायक-खलनायक), फ्यूड (चालू असलेलं वैर) हे शब्द तुमच्या रोजच्या वापरातले आहेत असं धरून लिहितो आहोत.

यादी प्रसिद्धीने लावू नका

चूक नेमकी अशी होते. पाहुण्यांची यादी उघडली की हात आपोआप ‘प्रसिद्धी’च्या रकान्यावर जातो. यादी उतरत्या क्रमाने लागते, सगळ्यांत वरचं नाव उचललं जातं आणि ते थेट मोठ्या शोच्या मेन इव्हेंटमध्ये बसवलं जातं. आधीचे आठवडे पाहुणा कुठेच नसतो. आधी कळस मग पाया, असा हा प्रकार.

प्रसिद्धीचा आकडा पाहुण्याचा असतो. तो त्याच्याबरोबर येतो आणि त्याच्याबरोबरच जातो. तुमच्या प्रमोशनला मिळतं ते इतकंच, की एरवी कुस्ती न पाहणारे काही लोक त्या रात्री तुमचा शो लावतात. मग त्यांनी पाहिलं कोणाला? त्यांच्या लक्षात राहिलं कोण? गेम तेच मोजतो. त्या आधीच्या आठवड्यांत ज्या कुस्तीपटूने पाहुण्याबरोबर रिंग, माइक किंवा बॅकस्टेजचा एखादा प्रसंग केला असेल, त्याच्याकडे पाहुण्याच्या प्रसिद्धीचा काही भाग वळतो. असा कोणी नसेल तर काहीच वळत नाही. पुढच्या महिन्यात पाहुणा नसतो, त्याच्यासाठी आलेले प्रेक्षक नसतात, आणि ज्या जागेवर तुमचा माणूस वर चढायला हवा होता ती जागा पाहुण्याने खाल्लेली असते. आलेख घसरतो तो या कारणाने.

म्हणून यादी उघडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा : पाहुणा निघून गेल्यावर माझ्या रोस्टरमधलं कोण मोठं झालेलं मला हवं आहे? उत्तर मिळेपर्यंत यादी उघडू नका, ही आमची अगदी मनापासून विनंती आहे.

याचं आम्हाला सगळ्यांत आवडणारं उदाहरण १९९८ चं आहे. १९ जानेवारीला डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) ‘रॉ’ या साप्ताहिक कार्यक्रमात कुस्तीपटू स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन माइक टायसनला रिंगमध्ये भिडला आणि धक्काबुक्की झाली. पुढे टायसन शॉन मायकल्सच्या डी-जनरेशन एक्स गटात गेला. २९ मार्चला बॉस्टनमध्ये रेसलमेनिया १४ (कंपनीचा वर्षातला सगळ्यांत मोठा शो) झाली तेव्हा मायकल्स-ऑस्टिन सामन्यात तो रिंगबाहेरचा विशेष पंच होता, आणि सगळ्यांना मायकल्सच्या बाजूचा वाटणारा हा माणूस शेवटी ऑस्टिनसाठी तीनपर्यंत मोजून मोकळा झाला. वर मायकल्सला एक ठोसाही दिला. दहा आठवड्यांच्या या गोष्टीत टायसन एकही कुस्ती खेळला नाही. तो जगभर माहीत असलेला मुष्टियोद्धा होता, पण त्या रात्री विजेतेपदाचा पट्टा उंचावून उभा राहिलेला माणूस ऑस्टिन होता, आणि त्यानंतर कंपनीची गाडी ऑस्टिननेच ओढली. आता हाच टायसन आमच्या गेममध्ये आहे अशी कल्पना करा. तो शोच्या दिवशी पहिल्यांदा आला असता आणि एखाद्याला हरवून परत गेला असता, तर त्याच्या रकान्यातला आकडा तोच राहिला असता, तुमच्या हाती मात्र काहीच लागलं नसतं.

उलट टोकाचं उदाहरण २००० सालचं. प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यूच्या ‘थंडर’ कार्यक्रमात अभिनेता डेव्हिड आर्केट एका टॅग (जोड्यांच्या) सामन्यात एरिक बिशॉफला पाडून वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. पट्टा तोवर डायमंड डॅलस पेजकडे होता, आणि पेज त्या सामन्यात आर्केटचाच जोडीदार होता. म्हणजे विजेता पडलाच नाही, तरी पट्टा गेला. ७ मेच्या स्लॅम्बोरी शोपर्यंत तो आर्केटकडे राहिला. स्वतः आर्केटला ही कल्पना पटली नव्हती, असं त्याने नंतर सांगितलं आहे. तो कुस्तीचा खरा चाहता होता, पुढे २०१८ पासून त्याने छोट्या प्रमोशनमध्ये घाम गाळून कुस्त्याही केल्या. दोष त्या माणसाचा नव्हता, त्याला दिलेल्या कामाचा होता. त्या पट्ट्यासाठी वर्षभर झटणाऱ्या कुस्तीपटूंकडे प्रेक्षकांनी त्यानंतर कशाला पाहावं, या प्रश्नाला गोष्टीत उत्तर नव्हतं.

‘पाहुण्याला पट्टा देत आहात, खात्री आहे का?’ हा लाल खिडकीतला इशारा आम्ही का ठेवला, असं विचारणाऱ्यांनी वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा. इशारा काढणार नाही. ‘होय’ दाबायला तुम्ही मोकळे आहात.

जिंकणं आणि मोठं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच सांगतो. ५ एप्रिल १९८२ ला मेम्फिसमध्ये विनोदी कलाकार अँडी कॉफमन तिथला कुस्तीपटू जेरी लॉलर याच्याविरुद्ध उतरला. बायकांना कुस्तीत हरवून मिरवणारा, तिथल्या लोकांना तोंडावर हिणवणारा हा पाहुणा पक्का हील होता. लॉलरने त्याला बंदी असलेला पाइलड्रायव्हर (डोकं खाली आपटणारा डाव) मारला आणि लॉलर बाद ठरला. कागदावर कॉफमन जिंकला. घरी जाताना प्रेक्षकांच्या मनात मात्र लॉलर होता. आमच्या गेममध्ये निकालाच्या खाली ‘प्रेक्षकांची बाजू’ अशी वेगळी ओळ दिसते ती याचसाठी. पाहुणा हील असला तर ती ओळ आधी बघा, निकाल नंतर.

काम आधी, नाव मग

पाहुणा म्हणजे कुस्ती खेळणारा, असं समजून चालणारे बुकर खूप आहेत. ३१ मार्च १९८५ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिली रेसलमेनिया झाली तेव्हा नामवंतांची रांगच होती, पण त्यांच्यातला रिंगमध्ये कुस्ती खेळणारा एकच : मिस्टर टी. तोही हल्क होगनच्या जोडीला, टॅग सामन्यात, आणि पिन मारली (समोरच्याचे खांदे टेकवून तीन मोजेपर्यंत धरले) ती होगनने. मुहम्मद अली रिंगबाहेरचा पंच होता, लिबराची वेळ पाहणारा, बेसबॉलचा बिली मार्टिन नावं पुकारणारा. गायिका सिंडी लॉपर वेंडी रिक्टरच्या कोपऱ्यात उभी होती आणि रिक्टरने लीलानी कायकडून महिलांचा पट्टा परत घेतला. लॉपरची गोष्ट तर जुलै १९८४ पासून एमटीव्हीवर चालू होती. प्रत्येकाला झेपेल तेच काम मिळालं होतं.

गेममध्ये पंच, कोपऱ्यातला साथीदार, निवेदक, समालोचक, मॅनेजर, बॅकस्टेज प्रसंग, यजमान अशी सगळी कामं आहेत. आधी काम निवडा, मग त्या कामाचा गुण बघा. बोलण्याचं काम असेल तर ‘माइक’, नुसतं उभं राहून दरारा हवा असेल तर ‘वावर’. माइकवर ऐंशी आणि प्रसिद्धीत साठ असलेला पाहुणा मॅनेजर म्हणून तुम्हाला जे देईल, ते प्रसिद्धीत नव्वद आणि माइकवर तीस असलेला देणार नाही. नाव मोठं लक्षण खोटं, अशी वेळ अशा वेळी येते. २००९ मध्ये ‘रॉ’वर दर आठवड्याला एक पाहुणा यजमान असायचा. त्यांत टीव्ही-निवेदक बॉब बार्कर यांचा भाग आजही लोक आठवतात, कारण त्यांनी वस्तूंच्या किमती ओळखायचा आपला हातखंडा खेळ कुस्तीपटूंबरोबर मांडला. वर्षानुवर्षं केलेलं तेच काम त्यांनी तिथे केलं.

पाहुण्याला कुस्तीत उतरवायचंच असेल तर तीन गोष्टी पाळा. सामना टॅगचा ठेवा, समोर अनुभवी हील द्या, आणि सरावाचे आठवडे कापू नका. रॅपर बॅड बनी १० एप्रिल २०२१ ला रेसलमेनिया ३७ मध्ये उतरला तेव्हा त्याने काही महिने सराव केला होता, आणि समोर द मिझ व जॉन मॉरिसन यांच्यासारखे मुरलेले गडी होते. त्याचा जोडीदार डेमियन प्रीस्ट त्या वर्षी जानेवारीतच मुख्य रोस्टरवर आला होता. ऑगस्टमध्ये प्रीस्ट युनायटेड स्टेट्स चॅम्पियन झाला आणि एप्रिल २०२४ मध्ये वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन. त्या सगळ्याचं श्रेय पाहुण्याला देणं प्रीस्टवर अन्याय होईल, पण नव्या प्रेक्षकांशी त्याची पहिली ओळख त्या रात्री झाली. नवखा जोडीदार आणि तयारीचा पाहुणा ही जोडी गेममध्येही फार चांगली चालते, करून बघा.

पाहुण्यांच्या कुस्तीच्या गुणांना आम्ही वरची मर्यादा घातली आहे, तीही याच विचाराने. ती उठवा अशी मागणी वारंवार येते. पण आयुष्य रिंगमध्ये घालवलेल्या माणसाइतकी कुस्ती पाहुण्याला पहिल्याच दिवशी आली, तर तुमच्या रोस्टरची किंमत काय राहिली? सराव दिला की मर्यादा हळूहळू वर सरकते. वाट पाहायची तयारी ठेवा.

लहान पण महाग पडणाऱ्या गोष्टी

प्रदेश बघा. प्रसिद्धी सगळीकडे सारखी नसते. मे २०२३ चा बॅकलॅश शो पोर्तो रिकोत होता आणि बॅड बनी तिथलाच. त्याच्या आगमनाला जो गजर झाला तो दुसऱ्या शहरात तसाच झाला असता असं मानू नका. पाहुण्याच्या पानावर प्रदेशांचा नकाशा आहे, त्याकडे फार कमी लोक बघतात.

तारखा बघा. १९९८ मध्ये एनबीएची (अमेरिकी बास्केटबॉल लीगची) अंतिम मालिका चालू असताना बास्केटबॉलपटू डेनिस रॉडमन संघाचा सराव सोडून कुस्तीच्या कार्यक्रमात गेला होता. असे पाहुणे गेममध्येही आहेत : येतात, पण त्यांचं मूळ काम अंगावर येतं आणि पुढच्या तारखा रद्द होतात. ‘उपलब्धता’ पन्नासच्या खाली असेल तर लांबची गोष्ट त्यांच्याभोवती विणू नका.

दर आठवड्याला पाहुणा नको. सलग तिसऱ्या पाहुण्यापासून प्रेक्षकांची उत्सुकता निम्म्याने कमी होते, ती पूर्ण भरून यायला दोन महिने लागतात.

खऱ्या नामवंतांची नावं का नाहीत?

कारण त्यांची नावं आणि चेहरे त्यांचे आहेत. परवानगी न घेता ते विकण्याचा आम्हाला अधिकार नाही. गेममधले पाहुणे आम्ही स्वतः घडवलेले आहेत : निवृत्त मुष्टियोद्धा, वाद ओढवून घेणारा गायक, कुस्तीवर जीव टाकणारी अभिनेत्री. प्रत्येकाला पूर्वायुष्य आहे, स्वभाव आहे, कोणत्या कुस्तीपटूशी त्याचं जमेल याच्या नोंदी आहेत. गेमच्या संपादकात (एडिटरमध्ये) तुम्हाला तुमच्या खासगी खेळासाठी हवे ते बदल करता येतात.

ज्यांना अजून वैविध्य हवं आहे त्यांच्यासाठी ‘पाहुणे संच’ वेगळा मिळतो. मूळ यादीपेक्षा त्यात फरक असा, की प्रत्येक पाहुण्याबरोबर दोन-तीन तयार कथासूत्रं येतात : पहिल्या आठवड्यात कोणाशी खटका, मधे काय, शेवटी कोणाचा हात वर. आठवड्यांची मांडणी जमत नाही असं म्हणणाऱ्यांना या संचाचा सगळ्यांत जास्त उपयोग झालेला आम्ही पाहिला आहे. संच घेतला नाही तरी मूळ यादीवर उत्तम शो उभे राहतात, हेही खरं.

तुमच्या प्रमोशनला साजेसा पाहुणा आम्ही मागणीनुसार घडवूनही देतो. त्यासाठी पत्रात ‘खूप प्रसिद्ध कोणीतरी’ एवढंच लिहू नका. कोणाला मोठं करायचं आहे त्याचं नाव, तो फेस की हील, मोठा शो किती आठवड्यांवर आहे, कोणत्या प्रदेशात आहे आणि पाहुण्याकडून कोणतं काम हवं आहे, एवढं लिहा. सोबत सेव्ह फाइल जोडा. शोच्या आधीची जोडा, म्हणजे निवड चुकत असेल तर सामना होण्यापूर्वीच आम्हाला सांगता येईल.