अंगावरून पांढरं जाणं म्हणजे 'उष्णता' नव्हे

इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरांत आजही सांगतात: अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय? उष्णता आहे, धने-जिऱ्याचं पाणी घे. बिनवासाचा थोडा स्राव स्वाभाविकच. पण घाण वास, ताप, संबंधाच्या वेळी दुखणं असेल तर जंतू बीजनलिकांत (गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांत) चढलेले असू शकतात. सहसा सेफ्ट्रिॲक्सोन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन, सोबत डॉक्सिसायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या पूर्ण 14 दिवस देतात. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडतात, तिथेच घात होतो! नवऱ्यालाही औषध हवंच.

72 तासांत उतार नसेल तर सोनोग्राफी करा. नळी-बीजकोशात (बीजनलिका आणि अंडाशयात) पू साठला असेल तर भरती व्हावं लागतं. 7-8 सेंटिमीटरचं गळू बहुधा सुईने रिकामं करतात. फुटलं तर जिवावर बेततं: पोट एकाएकी कडक झालं, चक्कर आली, तर रात्रीच इंदूरचं सरकारी एम. वाय. रुग्णालय गाठा.