काळ्या कापडातला नारिंगी

नवं सुती कापड रंगवायला घेतलं की आमची आत्या आधी त्याच्या कोपऱ्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकते. थेंब तपकिरी राहिला तर कापड रंगाच्या बादलीत जातं. निळाकाळा झाला तर पुन्हा रात्रभर भिजत आणि सकाळी धुण्याचा सोडा घालून उकळायला. निळाकाळा डाग म्हणजे कापडात कांजी शिल्लक आहे. इंदूरच्या क्लॉथ मार्केटमधून आणलेलं कोरं कापड हाताला कडक, छान लागतं, ते बऱ्याचदा या कांजीमुळेच.

कांजीची एवढी धास्ती का? कापूस म्हणजे सेल्युलोज, कांजी म्हणजे स्टार्च, आणि दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. घरी थंड पाण्यात वापरतात ते रिॲक्टिव्ह रंग सोड्याच्या पाण्यात या साखळ्यांशी पक्का रासायनिक बंध जोडतात. हे रंग बाजारात आले १९५६ मध्ये. पण समोर धागा आहे की कांजी, हे रंगाला कळत नाही. तो कांजीला चिकटतो आणि पहिल्याच धुण्यात तिच्यासकट मोरीत जातो. छपाईसाठी रंग घट्ट करायलाही म्हणूनच कांजी चालत नाही, समुद्री शेवाळापासून काढलेलं अल्जिनेट वापरतात.

रंगवलेल्या कापडावर पुढे नक्षी काढायची तर हा रंग धाग्याला कशानं धरून बसलाय, एवढं विचारलं तरी अर्धं काम होतं. मला हे कळलं दोन काळ्या तुकड्यांमुळे. एक रिॲक्टिव्ह काळ्यात रंगवलेला, दुसरा हिरडा आणि हिराकस वापरून. गच्चीवर शेजारी शेजारी वाळत घातले तर ओळखू येणार नाहीत, इतके सारखे.

दोन्हींवर लिंबाचा रस टाकला. पहिल्यावर काहीच झालं नाही. दुसऱ्यावर थेंबाभोवतीचा काळा बघता बघता फिकट राखाडी झाला. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह मिळून तो काळा तयार होतो. लिंबातलं आम्ल त्यातलं लोह ओढून घेतं आणि जोडी तुटते. मग काडीला कापूस गुंडाळून पहिल्या तुकड्यावर पातळ केलेलं ब्लीच लावलं. आधी कड तपकिरी झाली, मग मधला भाग गंजासारखा, आणि मिनिटाभरात चक्क नारिंगी.

"काळा एकटा असतो कुठे?" आत्या म्हणाली. खरंच आहे. बाजारातले बरेचसे काळे रंग मिश्रण असतात: गडद निळा, त्यात नारिंगी किंवा लाल. रंगाच्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची रांग असते, तीच प्रकाश शोषते. ब्लीच ही रांग मध्येच तोडतं. प्रत्येक रंगाची रांग तुटायचा वेग वेगळा, म्हणून निळा आधी जातो आणि नारिंगी मागे राहतो. गंमत म्हणजे तुटलेल्या रेणूचा एक तुकडा बहुधा धाग्याला धरूनच असतो, फक्त आता तो दिसत नाही.

इथे माझी फजिती सांगायला हवी. उत्साहात मी एका काळ्या ओढणीवर ब्लीचनं पिंपळाची पानं काढली, नळाखाली खळबळून घेतली आणि कपाटात ठेवली. महिन्याभरानं उघडली तर पानं होती तिथे भोकं. ब्लीच रंगापाशी थांबत नाही, सेल्युलोजची साखळीही कुरतडतं. मनासारखा रंग आला की कापड आधी भरपूर पाण्यात आणि मग हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) पाण्यात बुडवायचं. पूर्वी फोटो धुणारे वापरायचे तोच हा हायपो. व्हिनेगर किंवा लिंबू मात्र ब्लीचजवळ आणायचंच नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. माझे दोन्ही प्रयोग वेगवेगळ्या दिवशी केलेले होते, हे मुद्दाम सांगतो. आणि महेश्वरी साडीवर हे अजिबात नको. तिचा ताणा, म्हणजे उभे धागे, बहुधा रेशमाचा असतो, आणि ब्लीच रेशीम खातं.

मेणाची तऱ्हा निराळी. नक्षीच्या जागी कापडावर लावलं की ते रंगाची नुसती वाट अडवतं. उज्जैनजवळच्या भैरूगढचं बटिक प्रसिद्ध आहे ते याच युक्तीवर. रंग गरम असेल तर मेण वितळणार, म्हणून थंड पाण्यातले रंग. पॅराफिन ठिसूळ असल्यानं त्याला तडे जातात आणि तड्यांतून रंगाच्या बारीक रेषा उतरतात. मधमाशीचं मेण लवचिक, ते मिसळलं की रेषा कमी.

माझ्या मते सगळ्यात देखणी रसायनविद्या आहे धार जिल्ह्यातल्या बाग प्रिंटमध्ये. तिथे हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर ठशांनी दोन लेप उमटवतात, एक तुरटीचा आणि एक लोहाचा, चिंचोक्याची खळ घालून घट्ट केलेले. मग कापड ॲलिझरिन नावाच्या रंगाबरोबर आणि धावडीच्या फुलांबरोबर उकळतं. भांडं एकच, रंग एकच, तरी तुरटी होती तिथे लाल उमटतो आणि लोह होतं तिथे काळा. तुरटीतलं ॲल्युमिनियम ॲलिझरिनचा रेणू धाग्याशी बांधून ठेवतं, आणि त्या लाल संयुगात कॅल्शियमही भाग घेतं. म्हणून अशा रंगाईत पाण्याला फार महत्त्व.

आमच्या बोअरच्या पाण्यात भरपूर कॅल्शियम आहे, साबणाला फेस येत नाही. त्यात सोडा घातला की पांढरा गाळ बसतो आणि रिॲक्टिव्ह रंग डागाळतो. तेच पाणी ॲलिझरिनला मात्र मानवतं. आत्यानं गच्चीवर आता दोन बादल्या ठेवल्यात, एकीवर खडूनं 'नर्मदा' लिहिलंय, दुसरीवर 'बोअर'.