शालेय वर्गातील स्क्रीन-मर्यादा

शाळेच्या वेळेत विद्यार्थ्यांकडून होणारा मोबाइल, टॅबलेट व लॅपटॉप यांचा वापर नियमाने कमी करण्याची किंवा ठरावीक वयापर्यंत बंद ठेवण्याची प्रथा. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात : विद्यार्थ्याने घरून आणलेल्या फोनवरील बंदी आणि शाळेनेच पुरवलेल्या उपकरणांची कपात. पहिली बाब शिस्तीची, तर दुसरी अध्यापनपद्धतीची. चर्चेत दोन्हींची सर्रास सरमिसळ होते आणि एकीचा पुरावा दुसरीच्या समर्थनार्थ पुढे केला जातो.

उगम : याविषयी एकमत नाही. काही जण या प्रथेचे मूळ ऑस्ट्रियन विचारवंत रूडोल्फ श्टायनर यांच्या विचारांवर १९१९ मध्ये श्टुटगार्ट येथे सुरू झालेल्या वॉल्डॉर्फ शाळेपर्यंत नेतात. या परंपरेतील शाळा लहान वयात यंत्रमाध्यमे टाळतात हे खरे. पण ती एका शिक्षणपंथाची भूमिका आहे, शासकीय नियमाशी तिचा थेट संबंध जोडणे अवघड दिसते. दुसरे मत अमेरिकेकडे बोट दाखवते. तेथील मेरीलँड राज्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस शाळांमध्ये पेजर आणण्यास बंदी घातली. तिचे कारण मात्र अमली पदार्थांच्या विक्रीचा संशय हे होते. अभ्यासातील लक्षाचा प्रश्न तेव्हा गौण होता. फ्रान्समधील १२ जुलै २०१० च्या कायद्याचीही अशीच गंमत आहे. अध्यापन चालू असताना मोबाइल वापरण्यास मनाई करणारे त्यातील कलम पर्यावरणविषयक व्यापक कायद्यात आले आणि त्यामागे मुलांना रेडिओलहरींपासून जपण्याचा विचार होता. ऑगस्ट २०१८ मध्ये ही बंदी माध्यमिक शाळेच्या पहिल्या टप्प्यापर्यंत संपूर्ण शालेय वेळेसाठी लागू झाली, तेव्हा एकाग्रता आणि छळवणूक ही कारणे पुढे आली. म्हणजे नियम टिकला, कारण बदलले. शाळेच्या स्वतःच्या उपकरणांना आवर घालण्याचा विचार याहून बराच अलीकडचा असून, संगणकांवर मोठा खर्च करणाऱ्या देशांच्या गुणांत लक्षणीय सुधारणा आढळली नाही, असे सांगणाऱ्या ओईसीडीच्या (प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना) २०१५ च्या अहवालानंतर त्याला जोर आला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

स्वीडन : शालेय उपकरणांच्या कपातीचे हे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण. येथे २०१८ पासून गणितात प्रोग्रॅमिंग आणि २०१९ पासून बालवाडीतही डिजिटल साधने अभ्यासक्रमाचा भाग झाली. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय शिक्षण संस्थेने डिजिटलीकरणाच्या पुढील टप्प्याचा प्रस्ताव दिला. त्यावर मत देताना कारोलिन्स्का इन्स्टिट्यूट या वैद्यकीय विद्यापीठाने डिजिटल साधनांमुळे शिकणे सुधारण्याऐवजी बिघडते, असे स्पष्टपणे कळवले. शालेय शिक्षणमंत्री लोट्टा एडहोम यांनी २०२३ मध्ये प्रस्ताव बाजूला सारला. छापील पुस्तकांसाठी त्या वर्षी ६८.५ कोटी क्रोनर मंजूर झाले, पाठ्यपुस्तकांचा उल्लेख जुलै २०२४ पासून शिक्षण कायद्यातच आला आणि बालवाडीतील डिजिटल साधनांची सक्तीही नंतर काढून टाकण्यात आली.

या निर्णयाच्या समर्थनार्थ पर्ल्स या चौथीच्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीचा दाखला नेहमी दिला जातो : स्वीडनचे सरासरी गुण २०१६ मध्ये ५५५ होते, ते २०२१ मध्ये ५४४ झाले. आकडे बरोबर आहेत, पण मालिका इतकीच नाही. २००१ मध्ये हे गुण ५६१ होते आणि २०११ मध्ये, टॅबलेट वर्गात रुळण्यापूर्वीच, ते ५४२ पर्यंत उतरले होते. त्यामुळे घसरणीचा सगळा दोष पडद्यावर टाकणे धाडसाचे ठरेल. सप्टेंबर २०२४ च्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या पडदा पाहण्याच्या मर्यादाही (दोन ते पाच वर्षे वयासाठी दिवसाला एक तास इ.) फावल्या वेळेसाठी आहेत; शाळेतला वेळ त्यात धरलेला नाही.

पुरावा : कागद व पडदा यांवरील वाचनाची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात (२०१८) कागदावरील आकलन सरस आढळले, विशेषतः वेळेचे बंधन असताना आणि माहितीपर मजकुरात. फरक लहान असला तरी सातत्याने दिसतो. या प्रश्नावरील हा सर्वांत भक्कम पुरावा म्हणता येईल. फोनबंदीबाबत चित्र धूसर आहे. इंग्लंडमधील चार शहरांच्या शाळांवरील अभ्यासात बंदीनंतर गुण वाढले आणि मागे पडलेल्या मुलांना जास्त लाभ झाला. तीच पद्धत वापरून स्वीडनमध्ये केलेल्या अभ्यासात (२०२०) परिणाम आढळला नाही. हाताने टिपणे काढल्याने अधिक लक्षात राहते, हा २०१४ चा गाजलेला निष्कर्षही पुढील प्रयोगांत तितक्या ठामपणे टिकला नाही.

अन्य देश : नेदरलँड्समध्ये जानेवारी २०२४ पासून माध्यमिक वर्गांत फोनला मनाई आहे. दक्षिण कोरियात मार्च २०२५ मध्ये आणलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पाठ्यपुस्तकांचा दर्जा त्याच वर्षी पूरक साहित्याइतका खाली आणला गेला. अंमलबजावणीची साधने सर्वत्र साधीच आहेत : दाराजवळ टांगलेला, प्रत्येक हजेरी क्रमांकासाठी एक खिसा असलेला कापडी फलक, किंवा चुंबकी कुलपाची पिशवी, जी मुलाजवळच राहते पण शाळा सुटताना यंत्राला टेकवल्याशिवाय उघडत नाही.

महाराष्ट्र : येथे प्रवाह काही काळ उलट होता. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेच्या धर्तीवर साधारण २०१४ नंतर अनेक गावांनी लोकवर्गणीतून ‘डिजिटल शाळा’ उभ्या केल्या. गावाने पैसे घालून आणलेला पडदा कमी करा, असे म्हणणे त्यामुळे सोपे नव्हते. वेळेचे पहिले ठोस बंधन आले ते करोनाकाळात. जुलै २०२० च्या केंद्रीय ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटे, तर पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रे ठरवली. शाळा उघडल्यावर सत्रे संपली, व्हॉट्सॲपवरचा गृहपाठ मात्र बऱ्याच ठिकाणी राहिला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यासाला बसावे, असा ग्रामसभेचा ठराव आहे. हा नियम घरापुरता आहे; वर्गातील पडद्याला तो लागू नाही.