उलटून पुन्हा उलटलेले शब्द

फ्रेंचमध्ये 'लांव्हेर' म्हणजे उलटं. त्यातले लां आणि व्हेर हे तुकडे जागा बदलून म्हणा: व्हेरलां. फ्रेंच तरुणांच्या उलट्या बोलीचं हेच नाव! 'मेत्रो'चा इथे 'त्रोमे' होतो, 'लूश' म्हणजे संशयास्पद, त्याचा 'शलू'. बेल्जियन गायक स्त्रोमाय याचं नावही 'माएस्त्रो' उलटूनच आलंय.

ही उलटापालट कागदावरची नाही, कानाची आहे. 'लांव्हेर' लिहिताना शेवटी 'स' लिहितात, पण तो उच्चारत नाहीत, म्हणून तो व्हेरलांमध्येही नाही.

मला सगळ्यात आवडतात ते एकाच तुकड्याचे शब्द. 'फाम' म्हणजे बाई. त्यात उलटायचं काय? आपण 'घर' लिहितो तेव्हा 'र' पूर्ण असतो, बोलताना मात्र त्यातला 'अ' गळतो. फ्रेंच पोरं नेमकं उलट करतात: 'फाम'च्या शेवटच्या 'म'मध्ये ओठ गोल करून म्हटलेला 'अ' भरतात. आता तुकडे दोन झाले, फा आणि म. उलटले की 'मफा', मग शेवटचा स्वर गळाला की 'मफ'. पोलिसाला बोलीभाषेत 'फ्लिक' म्हणतात, त्याचा याच वाटेने 'कफ' झाला. 'फू' म्हणजे वेडा. त्याच्या शेवटी व्यंजनच नाही, मग ध्वनीच उलटले: 'ऊफ'.

शब्द उलटण्याची खोड जुनीच, पण तिला बहर आला तो 1970-80च्या दशकांत, पॅरिसभोवतीच्या उपनगरांत. उत्तर आफ्रिकेतून आलेली अनेक कुटुंबं तिथल्या मोठाल्या वसाहतींत राहत होती. त्यांची फ्रान्समध्ये वाढलेली मुलं स्वतःला 'बर' म्हणू लागली. 'आराब' उलटून 'ब-रा-आ', आणि शेवटचे स्वर गळून 'बर'. 1981 मध्ये पॅरिसमध्ये 'रेडिओ बर' सुरू झालं. 1983 मध्ये वंशद्वेषाविरुद्ध आणि समानतेसाठी मार्सेयहून पॅरिसपर्यंत पदयात्रा निघाली, तिला वृत्तपत्रांनी 'बरांची पदयात्रा' म्हटलं. शब्द शब्दकोशात गेला.

आपला शब्द असा सगळ्यांच्या तोंडी झाल्यावर मुलांनी तो पुन्हा उलटला. ब-र, र-ब: 'रब'. दोनदा उलटल्यावर खरं तर 'आराब' परत यायला हवा होता. पण पहिल्याच फेरीत गळालेले ते दोन 'आ' आता कुठून आणणार?